कणगीतले बियाणे
मुरबाड-शहापूरच्या आदिवासी धान्य सहकाराचा ताळेबंद

श्रावण महिन्यात मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालेल्या प्रवाशाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंस हिरवीगार भातखाचरे दिसतात. डोंगरावरून ओहोळ धावत असतात, बांध तुडुंब भरलेले असतात. पाहणाऱ्यास हा समृद्धीचा काळ वाटावा. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी पाड्यांत वर्षातील सर्वांत कठीण काळ हाच असतो. मागील सालचे भात संपलेले असते, नवे अजून पोटरीतही आलेले नसते आणि आवणी उरकल्यामुळे मजुरीही थांबलेली असते. शेत हिरवे आणि कणगी रिकामी, अशी ही स्थिती आहे.

ही रिकामी कणगी भरण्यासाठी आदिवासी भागात सहकाराचे अनेक प्रयोग झाले. धान्य बँका निघाल्या, विविध कार्यकारी संस्था निघाल्या, बचत गट आणि वनधन केंद्रे उभी राहिली. त्यांतील अनेकांची वाटचाल उत्साहाने सुरू झाली आणि काही वर्षांत कोठारात तळाचे दाणे तेवढे उरले. अशा वेळी दोष सभासदांच्या अज्ञानाला किंवा व्यवस्थापकाच्या नियतीला दिला जातो. तो काही ठिकाणी खराही असेल. तथापि संस्थेचा ताळेबंद शांतपणे मांडला, तर प्रामाणिक सभासद आणि प्रामाणिक व्यवस्थापक असूनही संस्था कशी आटते, हे उमगते. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी हा हिशोब समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

एका पोत्याचे मोल

शहापूर तालुक्यात तानसा व भातसा ही मुंबईस पाणी पुरविणारी धरणे आहेत. तरीही तालुक्यातील बहुतेक आदिवासी शेतकरी पावसाच्या एका भातपिकावरच अवलंबून असतो. उतारावर नागली व वरई, खाचरात भात, आणि दिवाळीनंतर मजुरीच्या शोधात स्थलांतर, असा त्याचा वर्षक्रम आहे. कातकरी कुटुंबांकडे तर बहुधा जमीनही नसते. पावसाळ्यात अन्न संपले की कुटुंबप्रमुख वीटभट्टीच्या मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतो. ती उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. मुले वडिलांबरोबर जातात व शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते.

यावरून श्रावणातील एका पोत्याचे मोल ध्यानात येते. ते पोते गावच्या संस्थेकडून मिळाले तर कुटुंब मार्गशीर्षात धान्य परत करून मोकळे होते. मुकादमाकडून मिळाले तर पुढचे सहा महिने त्याच्या श्रमाची किंमत दुसराच ठरवितो. धान्य कोठाराचा प्रश्न पोटाचा आहे, तसाच तो मजुरीचा, शिक्षणाचा आणि स्वातंत्र्याचाही आहे.

सावकाराची कणगी ते संस्थेचे कोठार

हा प्रश्न नवा नाही. डी. सिमिंग्टन यांनी १९३९ च्या आपल्या अहवालात मुंबई प्रांतातील आदिवासींची सावकारी कर्जे आणि वेठ यांचे दाहक चित्र मांडले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस सावकाराकडे राबत राही. ठाणे जिल्ह्यात अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. धान्याची खावटी सवाईने किंवा दिढीने, म्हणजे मणास सव्वा किंवा दीड मण परत करण्याच्या बोलीवर दिली जाई.

१९४० मध्ये बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने आदिवासी सेवा मंडळाची स्थापना झाली. १९४७ मध्ये ते मुख्यमंत्री असताना ठाणे जिल्ह्यात जंगल कामगार सहकारी संस्थांचा आरंभ झाला. कूप तोडण्याचे काम ठेकेदाराऐवजी मजुरांच्या संस्थेला मिळू लागले. पुढे वृक्षतोडीवर निर्बंध आले तसे या संस्थांचे कामही आटत गेले. एकाच उत्पन्नावर उभी असलेली संस्था त्या उत्पन्नाबरोबरच खचते, हा त्यातील पहिला धडा होय.

१९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७५ च्या कर्जमुक्ती कायद्याने दुर्बलांची सावकारी कर्जे रद्द झाली व १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा केंद्रीय कायदा झाला. त्याच वर्षी आदिवासींच्या आर्थिक स्थितीत सुधारणा करणारा राज्याचा कायदा झाला आणि त्याखाली शेतमाल व गौण वनोपजाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. महामंडळ मुख्य अभिकर्ता आणि गावपातळीवरील आदिवासी सहकारी संस्था उपअभिकर्ता, अशी ही रचना होती. सावकाराचे दार बंद झाले, पण भूक बंद झाली नव्हती. ही पोकळी भरण्यासाठी १९७८ मध्ये खावटी कर्ज योजना आली. तिच्यात ७० टक्के कर्ज व ३० टक्के अनुदान असे प्रमाण होते. पुढे १९९६-९७ मध्ये केंद्र शासनाने ग्रामीण धान्य बँक योजना आणली. गावातील ३० ते ४० गरीब कुटुंबांचा गट करावा, कुटुंबामागे एक क्विंटल धान्य द्यावे, टंचाईत ते उसने न्यावे व सुगीनंतर थोड्या वाढीसह परत करावे, अशी तिची कल्पना होती.

कल्पना सोपी होती, आणि आदिवासींच्या परंपरेशी जुळणारीही. कितीही अडचण आली तरी पुढच्या पेरणीचे बियाणे खायचे नाही, हे प्रत्येक शेतकरी घरात पाळले जाते. संस्थेच्या कोठारातील मूळ धान्य हेही सामुदायिक बियाणेच आहे. ते शिल्लक राहावे यासाठी काय लागते, हे आता आकड्यांत पाहू.

चाळीस क्विंटलांचा हिशोब

उदाहरणादाखल ४० कुटुंबांची एक धान्य बँक घेऊ. कोठारात ४० क्विंटल भात आहे. आषाढात ते सर्व वाटले. वाढ दहा टक्के ठरली, म्हणजे सुगीनंतर ४४ क्विंटल परत यावयास हवे. त्यांपैकी ९० टक्के वसुली झाली असे धरू. ग्रामीण पतव्यवहारात ही वसुली कोणी वाईट म्हणणार नाही. कोठारात ३९ क्विंटल ६० किलो भात आले. पौषापासून आषाढापर्यंत वाळणे, उंदीर, घूस व कीड यांत तीन टक्के गेले, तर सुमारे ३८ क्विंटल ४० किलो उरते. पोती, हमाली, कागदपत्रे व राखण यांसाठी वर्षाकाठी एक क्विंटलाएवढा खर्च आला. शिल्लक राहिले सुमारे ३७ क्विंटल ४० किलो.

कोणी चोरी केली नाही, बहुतेकांनी परतफेड केली, तरी एका वर्षात अडीच क्विंटलांहून अधिक घट आली. हाच क्रम चालू राहिला तर दहा वर्षांअखेर कोठारात सुमारे १८ क्विंटल उरतील. कुटुंबे मात्र चाळीसच राहतील.

मूळ भांडवल टिकविण्यासाठी किती वसुली हवी? याच हिशोबाने उत्तर येते ९६ टक्के. याचा अर्थ असा की, ४० कुटुंबांपैकी दोन कुटुंबांनी परतफेड केली नाही तरी कोठार आटू लागते. आता सावकाराचा हिशोब पाहू. तो सवाईने देतो, म्हणजे ४० चे ५० घेतो. त्याला मूळ धान्य राखण्यास साडेचौऱ्याऐंशी टक्के वसुली पुरते. ४० पैकी सहा ऋणको बुडाले तरी त्याची कणगी भरलेलीच राहते.

सहकारी संस्थेचा दर सौम्य असतो आणि तो तसाच असावयास हवा. परंतु सौम्य दराबरोबर कठोर शिस्त किंवा बाहेरचा भक्कम आधार यांपैकी एक तरी असलेच पाहिजे, हे वरील आकडे सांगतात. दोन्ही नसतील तर संस्थेची दया संस्थेलाच खाते.

एका वाईट सालाची किंमत

वरील हिशोब साध्या सालचा झाला. आता भात फुलोऱ्यात असताना पाऊस ओढून बसला किंवा कापणीच्या वेळी अवकाळी कोसळला, असे एक साल धरू. निम्मीच वसुली झाली. घट व खर्च वजा जाता कोठारात २० क्विंटल व थोडे किलो उरतात. त्यानंतरची सर्व साले उत्तम आली, प्रत्येक सभासदाने प्रत्येक दाणा वाढीसह परत केला, तरी ४० क्विंटलांचा मूळ साठा पुन्हा उभा राहण्यास २४ वर्षे लागतात. एका सालच्या अवकृपेची भरपाई संस्थेला स्वतःच्या बळावर एका पिढीत करता येते, हे या प्रश्नाचे मर्म आहे.

दुष्काळात वसुली सक्तीने करावी, असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्या घरात दाणा नाही त्याच्याकडून दाणा मागणे अन्यायाचे होईल. परंतु ही सवलत कोणाच्या खात्यातून द्यावयाची, हे स्पष्ट असले पाहिजे. भुकेल्या कुटुंबाला मदत करणे हे समाजाचे व शासनाचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य ४० गरीब कुटुंबांच्या सामायिक कोठारावर ढकलले, तर मदतीचा भार गरिबांनीच उचलला असे होते.

खावटी योजनेचा इतिहास येथे बोलका आहे. कर्ज व अनुदान यांचे मिश्रण असलेली ती योजना २०१३-१४ नंतर बंद पडली. कोरोनाच्या आपत्तीत, ऑगस्ट २०२० मध्ये शासनाने ती पुन्हा सुरू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्जाचा भाग वगळून कुटुंबास ४,००० रुपये पूर्ण अनुदानाच्या रूपाने देण्याचा निर्णय झाला. त्यांपैकी निम्मी रक्कम वस्तुरूपाने व निम्मी बँक खात्यात द्यावयाची होती. भुकेची मदत आणि परतफेडीचे कर्ज या दोन भिन्न वस्तू आहेत, हेच यातून सूचित होते.

ओलावा, वजन आणि विलंब

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो व प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्याचा हक्क मिळाला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जाते. त्यामुळे टंचाईची तीव्रता कमी झाली आहे. तरीही शिधा महिनाभर पुरतोच असे नाही. शिवाय तेल, मीठ, औषध, बियाणे व आवणीची मजुरी यांसाठी रोकड लागते. ती रोकड मिळविण्याचे आदिवासी शेतकऱ्याचे साधन म्हणजे त्याचे भात. म्हणून भाताच्या खरेदीत संस्थेची आर्थिक ओढाताण कशी होते, हेही पाहिले पाहिजे.

आधारभूत किंमत खरेदी योजनेखाली आदिवासी भागात महामंडळ भात खरेदी करते आणि गावपातळीवरील संस्था केंद्र चालवितात. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलास २,३६९ रुपये आहे. खरेदीच्या वेळी भातात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. हे भात भरडाईसाठी उचलले जाण्यापूर्वी महिनोन्‌महिने गोदामात किंवा ताडपत्रीखाली राहिले आणि ओलावा १४ टक्क्यांवर आला, तर १०० किलोचे वजन साडेशहाण्णव किलो भरते. हवेत गेलेल्या या साडेतीन किलो पाण्याची किंमत आधारभूत दराने सुमारे ८३ रुपये होते. म्हणजे ५०० क्विंटल खरेदी करणाऱ्या छोट्या केंद्रावर ४१,००० रुपयांहून अधिक तूट कागदावर दिसते, आणि ती कोणीही खाल्लेली नसते. मान्य मर्यादेपलीकडील तूट संस्थेच्या नावे पडली, तर तिच्या कमिशनमधून ती भरून निघणे दुरापास्त होते.

म्हणून प्रत्येक पोत्याबरोबर ओलाव्याची नोंद झाली पाहिजे. नोंद नसेल तर वाळलेले पाणी आणि पळविलेले भात यांत लेखापरीक्षकाला फरक करता येत नाही. त्यामुळे प्रामाणिक सचिव संशयात सापडतो आणि अप्रामाणिक सुटून जातो.

दुसरी अडचण विलंबाची. केंद्रावर दर चांगला मिळतो, पण पैसे खात्यात जमा होण्यास अवधी लागतो. व्यापारी दर कमी देतो, पण खळ्यावरच नोटा मोजतो. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे मोठी जत्रा भरते. जनावरे, घोंगड्या व संसाराची खरेदी याच सुमारास होते. घरात लग्न ठरलेले असते. ज्याला आठ दिवसांत पैसे हवेत, त्याला दोन महिन्यांनी मिळणारा चांगला दर उपयोगी पडत नाही. गरिबाच्या व्यवहारात काळाला किंमत असते, आणि ती किंमत व्यापारी वसूल करतो.

मागणी म्हणजे रोकड नव्हे

शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी गुळवेलीच्या व्यवसायात दाखविलेली धडाडी देशभर वाखाणली गेली. वनधन केंद्राच्या माध्यमातून त्यांना मोठ्या औषध कंपन्यांकडून सुमारे ३५० टन गुळवेलीची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाल्याचे २०२१ मध्ये शासनाने जाहीर केले. ज्या जमातीला पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या भट्ट्यांवर राबावे लागले, तिच्या तरुणांनी असा व्यापार उभा करावा ही अभिमानाची गोष्ट आहे. गुळवेल अन्नधान्य नव्हे. परंतु हातात कोटींची मागणी आणि गल्ल्यात रोकड या दोहोंतील अंतर किती असते, हे तिच्यावरून चांगले समजते.

वरील आकड्यांवरून किलोमागे सरासरी ४५ रुपये विक्रीमूल्य पडते. रानातून वेल आणणाऱ्या माणसाला मात्र त्याच संध्याकाळी पैसे हवे असतात, कारण त्यावर त्याची चूल पेटते. वेल सुकविणे, निवडणे, भरणे, वाहतूक व तपासणी यांत आठवडे जातात आणि देयक मिळण्यास आणखी अवधी लागतो. हा सर्व काळ संस्थेने खेळत्या भांडवलावर काढावयाचा असतो. भांडवल अपुरे असेल, तर मागणी जितकी मोठी तितकी संस्था अधिक अडचणीत येते. नागली, वरई, हातसडीचा तांदूळ, जांभूळ किंवा मोहफूल यांचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक गटाला हेच लागू आहे. यंत्र, शेड किंवा वजनकाटा यांसाठी अनुदान मिळते. पण यंत्रात घालावयाचा माल विकत घेण्यास पैसा नसेल तर यंत्रावर धूळ साचते.

काय करता येईल

वरील विवेचनातून काही व्यवहार्य नियम निघतात.

मूळ साठा व चालू व्यवहार यांची खाती वेगळी ठेवावीत. सभासदांनी व शासनाने दिलेले मूळ धान्य ‘बियाणे’ समजून त्याचा आकडा कोठाराच्या दारावर ठळकपणे लिहावा. तो कमी झाला तर ग्रामसभेत त्याचे कारण सांगितले जावे.

धान्याची वसुली खळ्यावर आणि म्हसाच्या जत्रेपूर्वी करावी. भात घरात व पैसे बाजारात गेल्यावर वसुलीचा तगादा लागतो. खळ्यावर ती सहज होते. स्थलांतरास लवकर निघणाऱ्या कुटुंबांची वसुली आधी घ्यावी किंवा उन्हाळ्यात परतल्यावर रोख घेण्याची लेखी मुभा द्यावी.

वाईट सालची सूट ग्रामसभेच्या ठरावाने द्यावी आणि तेवढे धान्य बाहेरून परत भरून घ्यावे. शहापूर तालुका संपूर्ण व मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने सावकारी नियंत्रणाचे व गौण वनोपजाच्या मालकीचे अधिकार ग्रामसभेस दिले आहेत. २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट मिळू लागला. त्याच्या नियमांत बसेल तितकी रक्कम उपजीविकेच्या या आधारासाठी राखण्याचा विचार ग्रामसभांनी जरूर करावा. मदत ही मदत म्हणून आणि कर्ज हे कर्ज म्हणून लिहिले जावे, हे तत्त्व मात्र सोडू नये.

नफ्यातील हिस्सा राखीव निधीत टाकण्यास टाळाटाळ होऊ नये. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमानुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. लाभांशाच्या मोहापेक्षा हा चौथा हिस्सा अधिक मोलाचा आहे. वाईट सालाविरुद्ध संस्थेने स्वतः उभी केलेली ती एकमेव भिंत आहे.

केंद्रांवरील भात वेळेवर उचलले जावे आणि कमिशन हंगाम संपताच मिळावे, याकडे संबंधित अधिकाऱ्यांनी लक्ष पुरवावे. कार्यालयाच्या दृष्टीने तीन महिन्यांचा विलंब ही प्रलंबित फाईल असते. संस्थेच्या दृष्टीने ते पुढच्या हंगामाचे भांडवल असते.

गावातील शिक्षकांनीही येथे एक मोठे काम करण्याजोगे आहे. सातवी-आठवीच्या मुलांना टक्केवारी शिकविताना गावच्या कोठाराचेच गणित घालावे. किती दिले, किती आले, किती वाळले, किती उरले, हे मुलांनी फळ्यावर मांडावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. आपल्या मुलाच्या तोंडून ऐकलेला ताळेबंद आई-बाप विसरत नाहीत. शिवाय ज्या संस्थेचा हिशोब शाळकरी मुलांना येतो, तिच्यात गैरव्यवहार करण्यास कोणी सहसा धजत नाही.

आदिवासी समाजाला सहकार शिकवावा लागतो, असा समज अजून पुष्कळ ठिकाणी आढळतो. प्रत्यक्षात एकमेकांच्या आवणीला जाणे, शिकारीचे वाटे करणे आणि अडल्याला उसने धान्य देणे ही त्याची जुनीच रीत आहे. उणीव आहे ती या रीतीला वर्षाच्या आर्थिक चक्रात उभे राहता येईल एवढ्या भांडवलाची आणि त्या भांडवलाच्या काटेकोर राखणीची. घरातील कणगीतले बियाणे जपणारी बाई संस्थेच्या कोठाराचा हिशोबही जपू शकते. तो तिला समजेल अशा रीतीने तिच्यापुढे मांडणे आणि वाईट सालाचा भार तिच्या एकटीवर न टाकणे, एवढे शासनाने व समाजाने केले, तर श्रावणात मुकादमाच्या दारी जाणारी वाट हळूहळू गवताने बुजून जाईल.